लहान मुलांची हगवण व घरची शुश्रूषा

मृगाचा पाऊस पडून पेरण्या उरकल्या आणि पिके वीतभर वर आली, म्हणजे खेड्यातील प्रत्येक घराचे लक्ष शेताकडे लागते. निंदणी-खुरपणीची घाई असते, मजुरांची टंचाई असते, आणि घरातील कर्ती स्त्री भल्या पहाटे स्वयंपाक उरकून शेतावर जाते. घरी राहते ती म्हातारी सासू व तिच्या स्वाधीन केलेले एक-दीड वर्षाचे मूल. सकाळी सहा वाजता शिजविलेला वरणभात दुपारी एक वाजता त्या मुलास भरविला जातो. याच दिवसांत विहिरी-ओढ्यांचे पाणी गढूळ असते, उकिरडे भिजलेले असतात व माश्यांचा सुळसुळाट झालेला असतो. अशा वेळी मूल एकाएकी ओकू लागते, त्यास पाण्यासारखे पातळ जुलाब होऊ लागतात, आणि संध्याकाळी आई शेतावरून परत येते तो सकाळी अंगणात खेळत असलेले मूल मलूल होऊन पडलेले तिच्या दृष्टीस पडते.

हा विकार इतका नित्याचा आहे की, त्याचे गांभीर्य पुष्कळदा ध्यानात येत नाही. "दात येत आहेत, त्याची हगवण आहे" असे म्हणून एक दिवस जातो. "पोटाला विसावा द्यावा" म्हणून अन्नपाणी तोडण्यात दुसरा दिवस जातो. वस्तुतः पाण्यासारख्या हगवणीने लहान मूल दगावते ते बहुधा जंतूंच्या माऱ्याने नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे होय. हे पाणी भरून काढण्याचे साधन प्रत्येक घरात आहे. ते पहिल्या जुलाबापासूनच, घरी जो कोणी असेल त्याच्या हातून, मुलास मिळाले पाहिजे. प्रस्तुत पाठात हीच गोष्ट क्रमाने सांगावयाची आहे.

हगवण लागते कशी?

अन्न शिजविताना त्यातील बहुतेक जंतू मरतात; परंतु काही जंतूंची बीजे उष्णता सोसूनही जिवंत राहतात. शिवाय वाढणाऱ्याच्या हातावरून, माशीच्या पायांवरून, भांडी पुसण्याच्या ओल्या फडक्यावरून व न उकळलेल्या पाण्यातून नवे जंतू येतात ते वेगळेच. कोमट व ओलसर अन्न त्यांना कसदार जमिनीप्रमाणे मानवते. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर २० मिनिटांस दुप्पट होतात. या हिशेबाने सकाळी सहा वाजता अन्नात पडलेल्या एकाच जंतूचे दुपारी एक वाजेपर्यंत वीस लाखांवर जंतू होऊ शकतात. एवढे होऊनही अन्नास वास येत नाही, की त्याची चव पालटत नाही. म्हणून अन्न चाखून पाहून "चांगले आहे" असा निर्वाळा देणे व्यर्थ होय.

काही जंतू अन्नात राहून विष निर्माण करतात. हे विष पुन्हा उकळी आणली तरी नाहीसे होत नाही. तेव्हा उरलेला भात परतला किंवा वरण ऊन केले, म्हणजे ते ताजे झाले असे समजू नये. असे विष पोटात गेले तर थोड्याच तासांत वांत्या सुरू होतात. उलटपक्षी, जंतू आतड्यात शिरून तेथे वाढले, तर विकार दिसावयास एक-दोन दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून काल-परवा मुलाने काय खाल्ले याचाही विचार करावा.

खरा धोका कोणता?

कोवळ्या रोपास व मोठ्या झाडास एकाच दिवशी पाण्याचा ताण पडला, तर रोप संध्याकाळीच मान टाकते. झाड मात्र चार दिवस तग धरते. लहान मूल व मोठा माणूस यांचेही तसेच आहे. मुलाचे वजन १० किलो धरले, तर त्याच्या शरीरातून १ लिटर पाणी जाणे म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा जाणे होय. ही अवस्था प्राणघातक असते, आणि आठ-दहा मोठे जुलाब व दोन-चार वांत्या एवढ्यानेच ती एका दिवसात येऊ शकते. शरीरातील पाणी असे आटण्यास जलशुष्कता म्हणतात.

शेतकऱ्यास ही गोष्ट गोठ्यातून परिचित आहे. वासरास हगवण लागली, त्याचे डोळे खोल गेले, की त्यास क्षार व साखर मिसळलेले पाणी पाजावयास पशुवैद्य सांगतात. त्याचे पाणी तोडावयास सांगत नाहीत. जो न्याय गोठ्यातील वासरास, तोच घरातील बालकास लावला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, पाजलेले पाणी जुलाबावाटे निघूनच जाणार, मग पाजून काय लाभ? ही शंका स्वाभाविक आहे. नुसते पाणी रोगट आतड्यात पुरेसे शोषले जात नाही, हे खरे. पण साखर व मीठ ठराविक प्रमाणात एकत्र आले, म्हणजे आतडे ती दोन्ही आत ओढून घेते व त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. आतड्याची ही शक्ती हगवणीतही बव्हंशी शाबूत राहते.

या ज्ञानाचा मोठा पडताळा १९७१ साली आला. बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले व त्यांच्या छावण्यांत पटकीची साथ उद्भवली. बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी तयार करवून ते रोग्यांना तोंडाने पाजण्याचे काम त्यांच्या आप्तेष्टांवर सोपविले. पूर्वी शेकडा सुमारे ३० रोगी दगावत, ते प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, तर आईबापांचे व भावंडांचे होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

जलसंजीवनी कशी तयार करावी?

आज हेच मिश्रण जलसंजीवनी अथवा ओ. आर. एस. या नावाने पाकिटात मिळते. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र येथे ते विनामूल्य दिले जाते. पावसाळ्यापूर्वीच दोन पाकिटे आणून घरात कोरड्या जागी ठेवावीत. बियाणे आपण पाऊस पडल्यावर शोधावयास निघत नाही. तद्वत मूल आजारी पडल्यावर पाकीट शोधावयास निघणे बरे नव्हे.

प्रथम साबणाने हात धुवावेत. पाणी उकळून निववावे. मोठे पाकीट असेल तर १ लिटर पाण्यात संपूर्ण पाकीट एकाच वेळी घालून ढवळावे. लहान पाकिटे २०० मिलिलिटर पाण्यासाठी असतात. म्हणून पाकिटावरील माप वाचून अथवा वाचून घेऊनच पाणी घ्यावे. अर्धे पाकीट घालू नये, पाणी कमी घेऊ नये, वरून साखर, मीठ, दूध किंवा सरबत मिसळू नये. तयार केलेले मिश्रण पुन्हा उकळू नये. ते झाकून ठेवावे व २४ तासांनंतर उरेल ते टाकून देऊन नवीन करावे. दुकानातील गोड पेये ही जलसंजीवनी नव्हेत. त्यांतील अधिक साखरेमुळे जुलाब वाढतात.

पाकीट हाताशी नसेल, तर १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. येथे चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, आणि तो बोटाने अगर सुरीने सपाट केलेला असावा. माप चुकवू नये; विशेषतः मीठ जास्त झाल्यास ते मुलास अपायकारक होते. मिश्रणाची चव पाजणाऱ्याने स्वतः पाहावी. डोळ्यांतील आसवांपेक्षा ते खारट लागल्यास टाकून द्यावे व पुन्हा करावे. हे पाणी पाकीट मिळेपर्यंतची सोय आहे, हे लक्षात ठेवून पाकीट आणावयास कोणास तरी धाडावे. दरम्यान तांदळाची किंचित मीठ घातलेली पेज, वरणाचे पाणी, ताजे ताक व शहाळ्याचे पाणी देण्यास हरकत नाही.

पाजण्याची रीत

दोन वर्षांच्या आतील मुलास प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, व दोन वर्षांवरील मुलास १०० ते २०० मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी. मूल याहून अधिक मागेल, तर अधिक द्यावी. वाटी-चमच्याने, मुलास मांडीवर बसते धरून, घोट घोट पाजावी. निजलेल्या मुलाच्या तोंडात ओतू नये. ठसका लागून ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

मूल ओकले, म्हणजे पुष्कळ माता धीर सोडतात व पाजणे बंद करतात. तसे करू नये. १० मिनिटे थांबावे आणि पुन्हा दर दोन मिनिटांस एक चमचा या बेताने सुरुवात करावी. हे काम कंटाळवाणे वाटते खरे. परंतु दर दोन मिनिटांस एक चमचा दिला, तर तासाभरात १५० मिलिलिटर पोटात जाते. भरलेला पेला एकदम पाजून तो ओकून पडण्यापेक्षा हे कितीतरी लाभदायक होय.

किती जुलाब झाले, किती वेळा लघवी झाली, हे संध्याकाळपर्यंत ध्यानात राहत नाही. म्हणून भिंतीवर कोळशाने रेघा ओढाव्यात. जुलाबाच्या एका बाजूस, लघवीच्या दुसऱ्या बाजूस. आजीला लिहिता येत नसले तरी रेघ ओढता येते, आणि डॉक्टरांस त्या रेघांचा मोठा उपयोग होतो.

जस्ताची गोळी

जलसंजीवनीबरोबरच आरोग्य केंद्रातून जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या मिळतात. सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, चमचाभर पाण्यात अगर आईच्या दुधात विरघळवून, १४ दिवस द्यावी. हिच्या योगाने हगवण लवकर आटोक्यात येते व पुढील दोन-तीन महिने ती पुन्हा लागण्याचा संभव कमी होतो. जुलाब थांबले म्हणून गोळी मध्येच सोडू नये.

आहार तोडू नये

आजारी मुलाचे अन्न तोडणे, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. पण ती घातक आहे. उपासाने आतडे दुरुस्त होत नाही. उलट, मूल क्षीण होते व पुढच्या हगवणीस लवकर बळी पडते. अंगावर पिणाऱ्या मुलास आईने नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे. इतर अन्नापैकी मऊ भात, मुगाची खिचडी, दहीभात, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा, नाचणीची खीर हे पदार्थ ताजे करून, तीन-चार तासांनी थोडे थोडे द्यावेत. खिचडीवर चमचाभर तूप अगर तेल घालावे. नुसत्या पेजेवर मुलास ठेवू नये, कारण तीत पाणी पुष्कळ व कस थोडा असतो. मूल बरे झाल्यावर दोन आठवडे त्यास रोज एक जेवण जादा द्यावे, म्हणजे उतरलेले वजन भरून येते.

काय करू नये?

जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलास कदापि देऊ नयेत. त्यांनी आतड्याची हालचाल मंदावते, पोट फुगते व गुंगी येते. जंतू मात्र आतच राहतात. जंतुनाशक औषधे डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊ नयेत; पाण्यासारख्या साध्या हगवणीत बहुधा त्यांचा उपयोग होत नाही. कोरा चहा अथवा कॉफी पाजू नये. जायफळ उगाळून चाटविण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. परंतु त्याची मात्रा अधिक झाल्यास मुलास गुंगी येते, आणि ती औषधाची की जलशुष्कतेची हे मग ओळखता येत नाही. पोटावर चटके देणे हा तर निव्वळ क्रूर व निरुपयोगी प्रकार होय.

टाळू बसल्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तान्ह्या मुलाची टाळू खोल गेलेली पाहून घरातील वृद्ध स्त्रिया "टाळू बसली" असे म्हणतात. त्यांचे हे निरीक्षण अचूक असते. शरीरातील पाणी आटल्याचीच ती खूण होय. चूक आहे ती उपायात. टाळूवर तेलाचा बोळा ठेवून अगर मुलाच्या तोंडात बोट घालून ती वर येत नाही. पोटात पाणी गेले म्हणजेच ती वर येते. आजीच्या अनुभवाचा मान राखून ही गोष्ट तिला समजावून द्यावी. एकदा पटली, म्हणजे जलसंजीवनी पाजण्यास तिच्याइतके सबुरीचे माणूस घरात दुसरे सापडणार नाही.

दवाखान्यात केव्हा न्यावे?

डोळे खोल जाणे, तोंड कोरडे पडणे, रडताना आसवे न येणे, मूल चिडचिडे होऊन पाण्यासाठी अधाशासारखे करणे, ही जलशुष्कतेची लक्षणे आहेत. पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत न होता सावकाश बसली, तर पाणी बरेच गेले असे समजावे. अशा मुलास जलसंजीवनी पाजीत पाजीतच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. या अवस्थेत १० किलो वजनाच्या मुलास चार तासांत सुमारे ७५० मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी लागते, व ती आरोग्य सेवकांच्या देखरेखीखाली देणे उत्तम.

पुढीलपैकी एकही चिन्ह दिसल्यास, रात्र असो वा पाऊस असो, क्षणाचाही विलंब लावू नये: मूल सुस्त अगर बेशुद्ध होणे, पाणी पिता न येणे, प्यालेले सर्व ओकून पडणे, शौचात रक्त दिसणे, हिरवी वांती होणे अगर पोट फुगणे, सहा तासांत लघवी न होणे, आचके येणे, फार ताप असणे, अथवा भाताच्या पेजेसारखे जुलाब वरचेवर होणे. मूल सहा महिन्यांच्या आतील अगर आधीच कुपोषित असेल, तर चिन्हांची वाट न पाहताच डॉक्टरांस दाखवावे. तीन दिवसांत उतार न पडल्यासही तसेच करावे. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलावता येते.

अशा वेळी "आजचा खाडा पडेल", "उद्या बाजारच्या दिवशी नेऊ", असा विचार मनात येतो. एका दिवसाची खुरपणी दोन दिवसांनी करता येते. परंतु आटलेल्या मुलास दोन दिवस थांबता येत नाही. हा निर्णय एकट्या आईवर टाकू नये. कर्त्या पुरुषानेही लक्षणे पाठ करून ठेवावीत व वाहनाची तजवीज आपल्याकडे घ्यावी.

फवारणीच्या दिवसांतील इशारा

शेतकरी कुटुंबाने आणखी एक गोष्ट विसरू नये. कीटकनाशकाची विषबाधा झाली असताही मुलास वांत्या व जुलाब होतात. त्यांच्या जोडीला तोंडातून सारखी लाळ गळणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, धाप लागणे अगर अंग लुळे पडणे, अशी लक्षणे दिसली, तर ती हगवण नव्हे. अशा वेळी काहीही पाजण्यात वेळ दवडू नये व मुद्दाम ओकारी काढू नये. अंगावरील कपडे काढून, कातडी भरपूर पाण्याने धुवून, औषधाचा डबा अगर त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन, मुलास तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. औषधाचे रिकामे डबे धुवून घरात पाण्यास अगर धान्यास वापरणे सर्वथा वर्ज्य समजावे.

हगवण पुन्हा होऊ नये म्हणून

मुलाचे दुपारचे अन्न दुपारीच शिजवावे. आजीकडून चूल पेटविणे होत नसेल, तर मागे ठेवावयाचे पदार्थ कोरडे निवडावेत. भाकरी, लाह्या, चुरमुरे यांत जंतू ओल्या अन्नाइतके झपाट्याने वाढत नाहीत, व केळे तर सालीत झाकलेलेच असते. भाकरी कुस्करावयाची ती आयत्या वेळी, उकळलेल्या पाण्यात अगर नुकत्याच तापविलेल्या दुधात. दुधाची बाटली वापरू नये. बोंडल्याची तोटीही आतून घासता येत नाही. वाटी व चमचा हीच सर्वांत निर्धोक भांडी होत.

पिण्याचे पाणी उकळून, झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या भांड्याने काढावे. हात बुडवू नये. गावच्या विहिरीत अगर टाकीत जंतुनाशक पूड नियमाने पडते किंवा नाही, याची चौकशी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे करावी. लहान मुलाची शौच निरुपद्रवी असते, ही समजूत खोटी आहे. ती शौचकूपातच टाकावी व नंतर साबणाने हात धुवावेत. शेण काढून, गुरांची धार काढून अगर फवारणी करून आलेल्या हाताने मुलास भरवू नये. रोटाव्हायरस या विषाणूच्या हगवणीवरील लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली असून, ती बालकाच्या ६, १० व १४ व्या आठवड्यास दिली जाते. घरात तान्हे मूल असेल, तर ती चुकवू नये.

महिला मंडळाच्या बैठकीसाठी

या पाठाचे नुसते वाचन न करता पुढील प्रयोग करून पाहावा. प्रत्येकीने आपल्या घरचा तांब्या व चमचा आणावा. लिटरच्या मापाने तांब्यात पाणी ओतून १ लिटर कोठपर्यंत येते ते पाहावे व तेथे खूण करावी. मग साखर-मिठाचे पाणी प्रत्येकीने तयार करावे व एकमेकींचे चाखून पाहावे. कोणाचे खारट झाले व का झाले, याची चर्चा करावी. सासवांना व थोरल्या मुलींना या बैठकीस आवर्जून बोलवावे, कारण दुपारी मुलाजवळ त्याच असतात.

शेवटी पुढील प्रश्नांची उत्तरे ज्या त्या घराने आपल्यापुरती द्यावीत. आपल्या घरी जलसंजीवनीची पाकिटे कोठे ठेवली आहेत? आई शेतावर असता मुलास जुलाब झाला, तर पहिला चमचा कोण पाजील? रात्री वाहन कोणाचे मिळेल? ज्या घरात या तीन प्रश्नांची उत्तरे आज तयार आहेत, त्या घरातील मुलास हगवणीचे भय फारच थोडे राहील.